देशात एकही नाही

"देशभरात या नावाची एकही मुलगी नाही," धाकटी जाऊ पाळणा हलवत आत्याबाईंना सांगत होती. "मोबाइलवर सगळीकडे शोधलं."

"अगं, पण अर्थ काय त्याचा?"

"पहाटेचं पहिलं किरण. फार जुना शब्द आहे. हेसुद्धा म्हणाले, तुला बरं सुचतं असलं काहीतरी!"

मी बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होते. तो शब्द जुना नव्हता आणि त्याला काही अर्थही नव्हता. माझ्या दोन्ही आज्यांच्या नावांतली अक्षरं जुळवून मी तो पाच वर्षांपूर्वी, सातव्या महिन्यात असताना तयार केला होता. विश्वासाने फक्त हिलाच सांगितला होता.

आत्याबाई चहा ठेवायला आत गेल्या, तशी ती हळूच म्हणाली, "ताई, रागावलात का? नाव नुसतं पडून तर होतं."

"पडून नव्हतं गं," मी म्हणाले. "चार तास का होईना, माझ्या मुलीचं होतं. माझ्या हाताला सलाइन लावलेलं होतं, म्हणून दवाखान्यात जन्माच्या अर्जावर ते तूच लिहिलं होतंस."