फोटोतली नववी

अमरावतीतल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, राबणाऱ्या बायांचा शंभर वर्षांपूर्वीचा फोटो जुने फोटो जमवणाऱ्या रऊफभाईंच्या हाती लागला. उद्या प्रदर्शन, आणि फोटोखाली त्यांना नावं हवी होती. बातमी फुटताच लोक आले. फोटोत बाया नऊ. त्यांतल्या आठ जणींवर बारा घरांनी पणजी म्हणून हक्क सांगितला. मागे उभी असलेली, नाकातोंडाला पदर गुंडाळलेली नववी मात्र कोणालाच नको होती.

शेवटी पंचफुलाबाई आल्या. तीस वर्षं जिनिंगमध्ये काढलेल्या. भिंग घेऊन त्या नववीवरच अडून बसल्या.

"तुमची कोन लागते, मावशी?" रऊफभाईंनी विचारलं.

"कोनीच नाही."

"मंग इतकं काय पाहून राहिल्या?"

"तिच्या भुवया. कापूस बसून हाये त्याईवर. बाकीच्या आठ जनीईच्या केसात एक तंतू तरी दिसते काय, पाहा बरं."

रऊफभाईंनी भिंग आठ वेळा सरकवलं. आठही डोकी तेल लावून चापून विंचरलेली.

"मंग ह्या आठ जनी कोन?"

"ते त्या बारा घराईले विचारा," पंचफुलाबाई म्हणाल्या. "कामावर तं हे एकलीच आलेली दिसते."