दोन पेडलांची गाडी

"साधे टायर घाल. गाडी आता शेडात उभीच तर राहणार," आबा म्हणाले होते, म्हणून त्यांच्या लेकीने, वृंदाने, साधेच, बारके टायर मागवले. आठ सिलिंडरची लाल अमेरिकन गाडी आबांनी भंगारातून उचलून स्वतःच्या हाताने उभी केली होती. पण अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा पाय क्लच दाबेना, तेव्हापासून ते उद्यमनगरातल्या आपल्याच गॅरेजकडे फिरकले नव्हते.

आज लेकीने हट्टाने आणलं. काठी टेकत आत आले, तर गाडी जॅकवर चढवलेली आणि त्यांचा लाडका गिअरबॉक्स कोपऱ्यात पडलेला. आबांचं टाळकंच सटकलं. दार उघडून वाकून पाहिलं, तर खाली पेडलं दोनच.

"अगं, क्लचचं पेडल बसवायचं विसरलीस की! एवढी वर्षं माझ्या हाताखाली काय शिकलीस?"

वृंदाने फडक्याला हात पुसले. "विसरले नाही, आबा. नवा गिअरबॉक्स बसवलाय, ह्यात गिअर आपोआप पडतात. डाव्या पायाला कामच नाही. मागचा ॲक्सलही जाड घातलाय, इंजिनाची ताकद पेलेल असा."

आबांनी काठी तिच्या हातात दिली आणि सीटवर बसले. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला, डावा निवांत पसरला. जागच्या जागीच स्टिअरिंग जरा फिरवून पाहिलं.

मग खिडकीतून डोकं काढून खेकसले, "आणि ते बारके टायर कुणी मागवले? परत कर. मागं रुंद पाहिजेत. मी काय हळू चालवणार हाय व्हय?"