मोजणीचे सात दिवस

"आधी मोजा, मग बोला!" नगरपालिकेच्या सभागृहात काटासाहेब कडाडले, ते साल होतं एकोणीसशे सत्याऐंशी.

काटासाहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी तराजूचे काटे तपासण्यात गेली, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिलं होतं. तेही रागावत नसत. पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या जागेत मोटारतळ व्हावा, असा त्यांचा अर्ज होता. जावई महिन्यातून एकदा गाडी घेऊन यायचा आणि ती लावायला जागा मिळत नसे.

दुसरा अर्ज शिवणकाकूंचा. त्यांना तिथे पोरांसाठी सायकलचं मैदान हवं होतं. मातीचे उंचवटे, दोन-चार वळणं, भोवती कुंपण, बाकी काही नको. त्यांच्या नातीला, भिंगरीला, रस्त्यावर सायकल चालवताना दुधाच्या गाडीने उडवलं होतं. हात मोडला तो जुळला, पण तिच्या बापाने सायकल माळ्यावर टाकली. "जिथे गाड्या येत नाहीत अशी जागा दाखव, मग काढतो खाली," असं त्याने आपल्या आईलाच बजावलं. पोर रोज माळ्याखाली उभी राहून वर बघायची. काकूंना ते बघवत नव्हतं.

"आमच्या भागात सायकली चालवतंय कोण?" काटासाहेब म्हणाले. "मोजणी कारकून बसवा. सात दिवस, नऊ ते पाच. शंभर सायकली आत गेल्या तर करा मैदान. नाहीतर मोटारतळ."

पालिकेच्या अभियंत्यांनी मान डोलावली. काकूंनीही डोलावली. आठवडा परीक्षेचा आहे, हे त्यांच्या घरी आल्यावर लक्षात आलं.

सोमवारी कारकून घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन हजर झाला. काटासाहेबांनी स्वतः जागेच्या तोंडाशी खडूची भुकटी टाकून रेषा आखली.

"हे बघा, तोंडं बघायची नाहीत. ओळखदेख नाही. चाक रेषेवरून आत गेलं की मारायची रेघ. आणि निकालापर्यंत आकडा कोणालाही सांगायचा नाही. मलासुद्धा!"

"बरं साहेब," कारकून म्हणाला.

काकू दारोदार फिरल्या. "परीक्षा होऊ दे, काकू, मग पाठवते," हेच उत्तर सगळीकडे. तीन दिवसांत चार पोरं कशीबशी येऊन गेली. काकूंनी जन्मभर पायाने मशीन चालवली होती, पण सायकलवर कधी बसल्या नव्हत्या. गुरुवारी त्या शेजारणीची सायकल हाताने ढकलत रेषेपाशी आल्या.

"बसून जाणार का?" कारकुनाने विचारलं.

"मला कुठे येतं बसायला!"

"मग ही सायकल नाही, काकू. हे सामान झालं."

काकू सायकल घेऊन परत फिरल्या. त्या दिवशी त्यांनी एका झंपराला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

इकडे काटासाहेबांना वेगळीच धास्ती. पोरं गोल गोल फिरून खोट्या रेघा वाढवतील, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. गुडघ्यांमुळे फार पायी चालवत नसे, म्हणून ते आपली जुनी काळी सायकल काढून अर्ध्या-अर्ध्या तासाने पाहणीला जात. आत शिरायचं, पलीकडच्या टोकापर्यंत एक चक्कर, की बाहेर. चौथ्या दिवशी त्यांना मातीत चाकांच्या ताज्या खुणा दिसल्या. त्यांचा माग काढत त्यांनी सगळं मैदान पालथं घातलं. कोणी सापडलं नाही. कारकून मात्र मान खाली घालून आपलं काम करत होता.

आठव्या दिवशी सभागृह भरलं. भिंगरी आजीच्या पदराआड उभी होती. अभियंत्यांनी कागद उघडला.

"एकशे एकवीस."

"अशक्य!" काटासाहेब ताडकन उठले. "दिवसातून सोळा वेळा जाऊन बघत होतो मी. तिथे चिटपाखरू नव्हतं!"

"कसे जात होता?" अभियंत्यांनी विचारलं.

"कसे म्हणजे? सायकलवरून!"

अभियंत्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने घसा साफ केला. "पोरांच्या नऊ. साहेबांच्या एकशे बारा. तोंडं बघायची नाहीत, असं सांगितलं होतं."

काकूंनी पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच. मग सगळेच हसले. काटासाहेबांनी कागद ओढून घेतला आणि एकेका रेघेवर बोट ठेवत शेवटपर्यंत मोजलं. 'माझ्या वगळा' एवढंच म्हणायचं होतं. पण बरोबर भरलेलं माप त्यांनी उभ्या नोकरीत कधी नाकारलं नव्हतं.

"मोजणी बरोबर आहे," ते म्हणाले आणि खाली बसले.

भिंगरीची सायकल त्याच संध्याकाळी माळ्यावरून उतरली. ती आता हाडांची डॉक्टर आहे आणि मैदानातून तिच्याकडे बऱ्यापैकी रोगी येतात. शिवणकाकू पोरांच्या फाटक्या गुडघ्यांना ठिगळं लावत ब्याऐंशी वर्षं जगल्या. कारकून मुख्य लिपिक होऊन निवृत्त झाला. जावई गाडी लांब लावून चालत येऊ लागला आणि बारीक झाला. आणि काटासाहेब? मैदानाच्या प्रत्येक वाढदिवसाला ते न बोलावता व्यासपीठावर चढत आणि छाती पुढे काढून सांगत, "बाकीच्यांनी नुसते अर्ज केले. मैदान मिळवून दिलं ते मी. एकशे एकवीसपैकी एकशे बारा, मोजून घ्या!"