पडद्यावरचा मासा

“अगं, बघ ना त्याच्याकडे!” मी टाकीतल्या मासोळीवर ओरडले. टाकीला लावलेल्या पडद्यावर मी संगणकात घडवलेला मासा पोहत होता. पीएचडीचे आठ महिने घालवून त्याचा खवला न् खवला रंगवला. पण ही ढुंकून बघेल तर शपथ!

खाणं टाकायला आलेल्या गंगावणेकाकांच्या हातून डबा पडला. मासोळी दचकून कोपऱ्यात पळाली. पडद्यावरचा मासा मात्र मजेत पोहत राहिला.

“काका, सांभाळून!” मी त्यांच्यावरही उखडले.

“मॅडम, तुमचा मासा कशालाच घाबरत नाही,” काका म्हणाले. “ही त्याला आपल्यातला कशी मानणार?”

चडफडत मी त्याला आवाजाला दचकायला शिकवलं आणि डबा स्वतःच आपटला. दोघं एकदम पळाली, एकाच कोपऱ्यात.

आवाज विरला, तरी मासोळी त्याच्या शेजारून हलेना.