तळघरातला चाकर

कुदळीला लागलं ते मूळ नव्हतं. टॅमसिनने माती सारली आणि तिच्या हातात माणसाचा जबडा आला.

सफरचंदाच्या रसाचं पिंप ठेवायला ती तळघरात खड्डा करत होती. तिची किंकाळी ऐकून शेजारचा ओबडाया धावत आला आणि त्याने बाकीची हाडं उघडी केली. तो वस्तीचा पंच. शेजाऱ्यांना दाखवल्याशिवाय प्रेत पुरायचं नाही, असा व्हर्जिनियात कायदा होता. चाकराला मारून गुपचूप पुरणारे मालक काही कमी नव्हते.

मागोमाग तिचा नवरा रोलंड उतरला. इंग्लंडहून आणलेले त्याचे उंची बूट इतके सैल, की तो आत चिंध्या कोंबायचा.

"मालक, तापाच्या साथीत तुमचा चाकर पळाला म्हणे?" ओबडायाने विचारलं. ओबडाया त्या साथीनंतर इथे आलेला. आधीची वस्ती सगळी मातीत गेली होती.

"पळालाच." जाड मिशीआड रोलंडचे ओठ जेमतेम हलले.

"मग हा कोण पाय पोटाशी घेऊन निजलाय?"

गुन्हा ठरला तर नवरा फासावर जाणार. पण टॅमसिनला भीती वाटली ती त्याच्या हातांची. लग्नाला तीन महिने झाले होते आणि रोज रात्री त्यातला एक हात तिच्या मानेखाली असायचा.

ओबडायाने जबडा सदऱ्याला पुसला, तळघराच्या झडपेतून येणाऱ्या उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मग खो खो हसला.

"हा चाकर नाहीच, बाई!"

"कशावरून?"

त्याने आपले दात विचकले. डावीकडे वरखाली दात झिजून गोल भोक पडलं होतं. त्यात त्याने आपला मातीचा पाइप अडकवला आणि तोंड मिटलं.

"सात वर्षं चाकर म्हणून दुसऱ्याच्या तंबाखूच्या मळ्यात राबलो. दोन्ही हात कुदळीला, मग पाइप धरायचा कुणी? मातीची नळी दात खाते. असं भोक नसलेला एक चाकर दाखवा मला! हे दात बघा, कसे अखंड. बड्या घरचा दिसतोय बेटा. तुमच्या आधीचा कुणी असेल, मालक. घ्या, एक झुरका मारा."

"मी पाइपला शिवत नाही," रोलंड म्हणाला.

"तुम्ही पडलात साहेबलोक!" म्हणत ओबडाया हाडांसाठी चादर आणायला वर गेला.

टॅमसिन पायरीवर बसून ढसाढसा रडली.

"अहो, मला वाटलं, तुम्हीच त्या चाकराला..."

"वेडी कुठली!"

आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच रोलंड मान मागे टाकून मनमोकळा हसला. झडपेतला उजेड सरळ त्याच्या उघड्या तोंडात पडला. डावीकडे, वरखाली, पाइपची नळी नेमकी बसेल असं गोल भोक होतं.