पाडव्याआधीची चाकोरी

या बाप्पाहो, जवळ सरकून बसा. टाळ घडीभर खाली ठेवा. मानोऱ्याकडची एक गोष्ट सांगतो.

दौलतसिंगच्या शेतातून गाडीवाट जायची. जमीन त्याची, जाण्यायेण्याचा हक्क मागच्या शेतवाल्या भिवाजीचा. दुसरी वाटच नव्हती, म्हणून तहसीलदारानं तसं लिहून दिलेलं.

भिवाजी पावसाच्या ऐन झडीत वारला. कोरडं लाकूड मिळेना, तेव्हा त्याची बैलगाडीच मोडून शेतात सरण रचलं. राखेत पडलेली चाकाची लोखंडी धाव दौलतसिंगनं स्वतः पाहिली.

दिवाळीनंतर भिवाजीची बायको मनकर्णाबाई बैल विकून ऊसतोडीला निघाली. जाताना हात जोडून म्हणाली, "भाऊ, वाट तेवढी मोडू नका. त्या शेताबिगर मले काई नाही."

"चाकोरी दिसन तवर वाट," दौलतसिंग म्हणाला. "गुढीपाडव्याले गवत दिसलं त नांगर घालीन."

गाडी जायची थांबली की वाट गेली, गावही तेच मानायचं. चुलीपाशी दौलतसिंगची बायको नानीबाई भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं.

होळीच्या सुमारास एका सकाळी वाटेवर चाकोरी उमटली. भिवाजीच्या गाडीचं डावं चाक ठेचलेलं होतं, ते सगळ्यांना ठाऊक. तोच ठसा, दर सहा पावलांवर, दोन्ही रेघांत. बैलाच्या खुराचा ठसा मात्र एकही नाही.

दौलतसिंगला राखेतली धाव आठवली. दारातलं कुत्रं वाऱ्यालाही भुंकायचं, तेही गप्प राहिलं होतं. नानीबाई रोज झुंजूमुंजू होताच त्याच वाटेनं गवताला जायची. त्यानं तिला विचारलं.

"मले त काई दिसलं नाही बा," ती म्हणाली.

त्यानं बोरीची फांदी फिरवून रेघा पुसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा उमटल्या. तिसऱ्या दिवशीही. त्याचं जेवण सुटलं. पोहरादेवीला जाऊन त्यानं नवस बोलला, अंगारा आणून वाटेवर टाकला. सकाळी अंगाऱ्यावरूनच चाक गेलेलं.

"जेवा थोडं," नानीबाई म्हणायची. तिच्या तळहातांना चिंध्या बांधलेल्या. विळा लागला, म्हणायची. त्याचं लक्ष कुठं होतं?

पाडव्याला भाड्यानं नांगरून देणारा लखन ट्रॅक्टर घेऊन आला. दौलतसिंग नारळ घेऊन चाकोरीत उभा होता.

"परत ने," तो म्हणाला. "वाट भिवाजीची हाये. जाऊ दे त्याले."

आठ दिवसांनी मनकर्णाबाई परतली. वाट शाबूत पाहून रडतच दौलतसिंगच्या घरी आली. दौलतसिंग मानोऱ्याला गेलेला. नानीबाईनं तिला पाणी दिलं, मग कडब्याच्या गंजीमागून एक ठेचलेलं चाक लोटत आणलं.

"घे माय तुयं. सरणातून एवढंच वाचवलं व्हतं. आता माह्यानं लोटणं होत नाही."

बाप्पाहो, सांजच्याला हात जोडाल, तवा ते चिंधी बांधलेले हात याद करा.