परवडणारी वर्षं

पेन्शन केंद्रातल्या मुलीने उमाकांतच्या रक्ताचा थेंब यंत्रात घातला आणि पडद्यावर त्याचं आयुष्य उमटलं: एकाहत्तर.

"निवृत्तीनंतर अकराच वर्षं. हप्ता अगदी हलका बसेल, सर," ती म्हणाली.

मग शैलजाने बोट पुढे केलं. मुलीचा चेहरा खुलला. "ब्याण्णव! अभिनंदन, ताई."

त्याखाली नवराबायकोचा मिळून महिन्याचा हप्ता आला. तो उमाकांतच्या निम्म्या पगाराएवढा होता.

"जरा पुन्हा तपासता का?" तो बोलून गेला. "काहीतरी चुकलं असेल."

"तपासा हो," शैलजा हसून म्हणाली. "यांना परवडणारी बायको हवी आहे."

तोही हसला. यंत्र पुन्हा घरघरू लागलं, तेव्हा आपण मनातून कशाची वाट पाहतो आहोत हे त्याला कळलं आणि त्याचे कान तापले.

आकडा तोच आला.

शैलजा आता हसत नव्हती. "सवाष्ण जाईन असं समजा," ती मुलीला म्हणाली. "माझी पासष्टच धरा."

"तसं धरता येतं, ताई. पण पासष्टनंतर तुम्हाला एक पैसाही मिळणार नाही." मुलीने उमाकांतकडे पाहिलं.

उमाकांतने पडद्याकडे पाहिलं. तिथे नवा हप्ता आला होता, आणि तो जमण्यासारखा होता.

"छे, भलतंच काय! ब्याण्णवच धरा," तो म्हणाला.

पण तोवर शैलजाने पडद्यावर अंगठा टेकवला होता. तिने त्याच्यासाठी पुरेसा वेळ थांबून पाहिलं होतं.